न उघडलेले सहा डबे

प्रिय ताई,

मी 48 वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. नवरा सरकारी खात्यात, मुलगी नववीत. लहानपणी आम्ही साताऱ्याला राहायचो. मी सातवीत असताना मुंबईच्या मामाने दिवाळीला धाकट्या भावासाठी मेकॅनोचा डबा (भोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या स्क्रू-नटांनी जोडून क्रेन, पूल बनवायचा खेळ) आणला आणि माझ्यासाठी पितळेची भातुकली. मला तो डबा इतका हवा होता, की रात्री डोळे मिटले की लाल-हिरव्या पट्ट्याच दिसायच्या. हात लावला की आई म्हणायची, "त्याचं आहे ते, स्क्रू हरवतील." भावाने त्यातून कधीच काही बनवलं नाही. मामा आला की विचारायचा, "काय रे, क्रेन झाली का?" आणि हा स्वयंपाकघरात जाऊन लपायचा. दोन वर्षांत निम्मे स्क्रू गेले आणि डबा माळ्यावर गेला.

गेल्या वर्षी रात्री मोबाइल चाळताना तसाच एक डबा विक्रीला दिसला. मागवला. मग दुसरा. आता सहा झालेत, 23,000 रुपये गेलेत. कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेत. पार्सलं बँकेतल्या मैत्रिणीची आहेत असं नवऱ्याला सांगते. एकही उघडलेला नाही. परवा मुलीच्या हाती लागले. ती एवढंच म्हणाली, "आई, उघडलेच नाहीस?" मला रडूच कोसळलं. भावाला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "तू कधी मागितलंसच नाहीस." या वयात हे खूळ बरं नाही, हे मला कळतं. विकून टाकू का? आणि आईला एकदा विचारू का, की मला का नाही दिलंस? ती 76 वर्षांची आहे, साताऱ्याला भावाकडे असते.

– साड्यांच्या मागे लपवणारी

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या आईचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुमचा आला. (मी तुमच्याहून चांगली अठरा वर्षांनी मोठी, म्हणून रागावते. पण 'तुम्ही' म्हणूनच रागावते.)

राग कशाचा ते आधी सांगते. वर्षभरात तुम्ही सहा डबे घेतलेत, साड्यांच्या मागे रचलेत आणि एकाचंही सील फोडलेलं नाही. का नाही फोडलं? पत्रात तुम्ही कारण दिलेलं नाही, पण मला ते ऐकू येतंय. खराब होईल, स्क्रू हरवतील. हे वाक्य कुणाचं, ते तुम्हीच दहा ओळी आधी लिहिलंय. 1989 च्या दिवाळीत ते तुमच्या आईचं होतं. आता आई साताऱ्याला असते आणि तिची नोकरी नाशिकच्या कपाटात तुम्ही करताय. सहा डबे असलेली ती मुलगी अजून दारातच उभी आहे, हात मागे बांधून.

आपल्या पिढ्यांमधला हा शोकेसचा रोग मला चांगला ठाऊक आहे. दुबईहून कुणी आणलेली बाहुली प्लॅस्टिकच्या पिशवीसकट काचेच्या कपाटात बसायची आणि पाहुणे आले की तिच्याकडे बोट दाखवायचं. त्याला कारणही होतं. बाहेरची खेळणी बाजारात सहज मिळतच नव्हती. आयातीवर बंधनं होती आणि परदेशी कंपन्यांची खेळणी इथे सर्रास बनायला लागली ती ऐंशीच्या दशकात. फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी सुरू झाली 1987 साली, म्हणजे तुमच्या त्या दिवाळीच्या दोनच वर्षं आधी. ग्राहकोपयोगी माल बाहेरून किती आणायचा यावरची (परिमाणात्मक) बंधनं पुरती उठली 1 एप्रिल 2001 ला. त्यानंतर स्वस्त खेळण्यांचा असा पूर आला, की आज पहिलीतल्या पोराच्या घरीही तुटक्या मोटारींची टोपली असते. तेव्हा मात्र मुंबईहून आलेला असा डबा सबंध आळीत एखादाच असे. तो जपायची तुमच्या आईची धडपड मला समजते. तुमच्या घरात ती धडपड कशासाठी, ते मात्र समजत नाही.

आता खुळाबद्दल.

मँचेस्टर विद्यापीठात 1934 साली डग्लस हार्ट्री नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी अवघड समीकरणं सोडवणारं एक यंत्र उभं केलं. डिफरन्शियल अ‍ॅनालायझर असं त्याचं नाव. संगणक यायचे होते तेव्हाची ही गोष्ट. खऱ्या यंत्राला पैसा फार लागणार, म्हणून त्यांनी पहिला नमुना बहुतांशी मेकॅनोच्या पट्ट्या, चाकं आणि दांड्या वापरून केला. आणि तो चालला. त्यावर त्यांनी अणूच्या रचनेची खरीखुरी गणितं केली. हार्ट्री तेव्हा सदतीस वर्षांचे होते. त्यांच्या घरी कुणी "या वयात?" म्हणालं असेल तर म्हणो. वय काढून स्वतःला दटावायचं असेल तर दुसरं काहीतरी कारण शोधा, हे चालणार नाही.

पण हा डबा तुमच्याकडे न येता भावाकडे का गेला, त्याचं थोडं श्रेय मामाबरोबर डब्यालाही द्या. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी आपल्या मुलग्यांसाठी घरात पत्रा कापून, त्याला सारख्या अंतरावर भोकं पाडून ही पट्ट्यांची कल्पना काढली. अर्ध्या इंचावर एक भोक. एकच पट्टी आज पुलाची, उद्या क्रेनची, हे त्यातलं मर्म. पेटंट 1901 चं, मेकॅनो हे नाव 1907 चं. पुढे कंपनी जाहिरातींत आणि आपल्या मासिकात बोलायची ती 'बॉइज'शी. डब्याच्या झाकणावरही मुलगेच. हॉर्नबींना दोन मुलग्यांखेरीज एक मुलगीही होती, पण मेकॅनोच्या जन्माची गोष्ट सांगताना येतात ते मुलगेच. मामाने दुकानात झाकणावरचं चित्र पाहिलं आणि भाच्यासाठी डबा उचलला. भाचीसाठी भातुकली. त्याने फार विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्या काळी हा विचार करायची गरज पडत नसे, आधीच झालेला असे.

भातुकलीला मात्र नावं ठेवू नका. पितळेची म्हणजे तुळशीबागेतल्यासारखी असणार. बंब, घंगाळ, शेगडी, सोऱ्या, पळी-पंचपात्र. करंगळीएवढ्या बंबाला आत धुराची नळी आणि खाली जाळी करणारा कारागीर कुणा इंजिनिअरपेक्षा कमी नसतो. तुमचा राग भातुकलीवर नाहीच. तुम्हाला काय आवडेल हे न विचारता ती हातात पडली, त्यावर आहे. ती अजून असेल तर फेकू नका, तिचं काम पुढे आहे.

आता तुमचा भाऊ. "तू कधी मागितलंसच नाहीस" हे त्याचं वाक्य तुम्हाला लागलं, आणि ते लागण्यासारखंच आहे. मागितल्यावर मिळेल अशी शक्यता ज्याला असते त्याला मागणं सोपं वाटतं. तरीही तुमच्याच पत्रातली एक ओळ परत वाचा. मामा आला की तो स्वयंपाकघरात लपायचा. आठ-नऊ वर्षांचा मुलगा दिवाळीच्या खेळण्याला घाबरून आईच्या मागे जाऊन उभा राहतो, हे मला क्रेन न होण्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं. त्या डब्यातून त्याने इंजिनिअर बनून बाहेर यायचं होतं. त्याला तो नको होता आणि तुम्हाला हवा होता, आणि तुम्ही दोघं एकाच घरात, बहुधा एकाच चटईवर झोपत होतात. फोनवर तो हसला ते तुमच्या वेडाला हसला असं तुम्ही धरून चाललात. मला तशी खात्री नाही. पस्तीस वर्षांनी कुणी त्या डब्याचं नाव काढल्यावर तो दुसरं काय करणार होता?

त्याच्याकडून एकच गोष्ट मागा. साताऱ्याच्या माळ्यावरचा तो डबा. अर्धे स्क्रू गेलेला, गंजलेला, असेल तसा. भाऊबीजेला येताना पिशवीत टाकून आण म्हणावं, ओवाळणीचं पाकीट राहू दे. आणि या वेळी तोंडाने मागा, स्पष्ट. नसेलच तर नसेल; निदान "मागितलंसच नाहीस" हे वाक्य तरी त्याला परत वापरता येणार नाही.

आईला विचारू का, असं तुम्ही विचारलंय. विचारू नका.

इथे माझ्याशी बऱ्याच जणींचं पटणार नाही, मनातलं बोलून मोकळं व्हावं असं हल्ली सगळे सांगतात. पण या प्रश्नाचं काय उत्तर येईल ते जरा मनात धरून बघा. ती म्हणेल, "कसला डबा?" तिला आठवणार नाही. त्या दिवाळीत तिच्या डोक्यात चकलीची भाजणी, घरभाडं, सासूचं पथ्य आणि भावाचा मान असेल. ज्या गोष्टीने तुमची पस्तीस वर्षं कुरतडली ती तिच्या लेखी घडलीच नाही, हे तिच्या तोंडून ऐकणं तुम्हाला डबा न मिळण्यापेक्षा जड जाईल. आणि आठवलंच, तर 76 व्या वर्षी ती रात्रभर जागी राहील. दोन्हींतून तुमच्या पदरात काही पडत नाही. विषय आपणहून निघाला तर निघू दे. तुम्ही खटला उभा करू नका.

नवऱ्याचं थोडक्यात सांगते. दोघं कमावते आहात, वर्षाला 23,000 रुपयांनी घर बुडत नाही. पण मैत्रिणीची पार्सलं ही थाप आहे. ती उघडी पडेल तेव्हा भांडण डब्यांवरून होणार नाही, थापेवरून होईल. आजच सांगा, आकड्यासकट. तो हसला तर हसू द्या.

आणि रात्री मोबाइलवर खरेदी बंद. कायमची नाही, एक डबा पुरा खेळून होईपर्यंत. तुम्ही विकत घेताय ती वस्तू नाहीच, असं माझं मत झालंय. पार्सल यायच्या आधीचे दोन-तीन दिवस तुम्ही विकत घेताय. दिवाळीच्या आदल्या रात्रीसारखे. ते संपले की नवा डबा. सातवा घेतलात तरी तो सहाव्याच्या शेजारी जाऊन बसेल. बाहेरच्या सेटांच्या किमती बघून "आत्ताच घेतलेला बरा" असंही वाटत असेल. खेळण्यांवरची आयात जकात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली आणि 2023 मध्ये 70 वर, त्यामुळे ते महाग दिसतात हे खरं. पण हा काही सोन्याचा भाव नाही, की वाढत राहील म्हणून साठवावं.

माझंही एक सांगते, म्हणजे मी फार शहाणी आहे असं वाटायला नको. आमच्या गावच्या जत्रेत पत्र्याची बोट मिळायची. पाण्यात सोडली की पट पट पट आवाज करत जायची. दर जत्रेला मी त्या टोपलीपाशी उभी राहायचे आणि दर जत्रेला वडील म्हणायचे, "दोन दिवसांत मोडेल." खरंच मोडली असती. सहा वर्षांपूर्वी एका यात्रेत तीच बोट दिसली तेव्हा मी आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना ते पाहून दोन घेतल्या. घरी आणून एक आठवडा फ्रिजवर ठेवली. (बघा, मीही.) मग एका दुपारी नातू झोपल्यावर मोठी परात भरली, नळ्यांतून पाणी भरलं, तेलाची वात लावून पोटात सरकवली.

आधी काहीच होईना. मग एकदम फुरफुरली आणि निघाली. तिच्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी असते आणि तिच्यापासून निघालेल्या दोन नळ्या मागे पाण्यात उघडतात. वातीने डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. मग वाफ निवते, आकसते, पाणी पुन्हा आत ओढलं जातं, आणि पुन्हा तेच. डबीचा पत्रा दर खेपेला आत-बाहेर होतो, तोच तो पट पट आवाज. पाणी जेवढं बाहेर तेवढंच आत, मग बोट पुढे का जाते, हे मला दुसऱ्या दिवशी जावयाने समजावलं. बाहेर जाताना धार सरळ मागे मारली जाते, आत येताना पाणी चहूबाजूंनी येतं, म्हणून ढकलणं जिंकतं. माझ्या मोडणाऱ्या बोटीचं पेटंट कुणा टोमास प्योत या गृहस्थाने 1891 साली घेतलेलं निघालं.

वीस मिनिटं चालली. परातीत गोल गोल. मग तेल संपलं आणि माझंही झालं. फार आनंद वगैरे झाला नाही, खरं सांगते. पण टोपलीपाशी उभं राहणं संपलं. दुसरी बोट नातवाला दिली, त्याने ती दोन दिवसांत मोडली. वडिलांचं बरोबर होतं.

तेव्हा उघडा. सगळ्यात लहान डबा आधी, सगळ्यात सुंदर नको. रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, जमिनीवर जुनी चादर अंथरून. आणि ती भातुकली काढा. नट एका वाटीत, बोल्ट दुसरीत, वॉशर घंगाळात, चाकं परातीत. याहून चांगली खोक्यांची सोय कुठल्या कारखान्यात नसेल.

जोडताना सगळे नट आधी सैल ठेवा. एकेक घट्ट करत गेलात तर सांगाडा वाकडा होतो आणि शेवटचं भोक भोकासमोर येत नाही. आकार सरळ झाला की मग पाना फिरवा. चार पट्ट्यांचा चौकोन केलात तर तो लुळा पडेल, हाताने दाबला की तिरका. घाबरू नका, तुमचं चुकलेलं नाही. कर्णावर एक पट्टी टाका, दोन त्रिकोण होतील, आणि ती चौकट तुमच्या बँकेच्या दरवाजासारखी उभी राहील. साताऱ्याचा जुना डबा आला तर त्यातली पट्टी नव्या पट्टीवर ठेवून भोकं जुळतात का ते बघा. जुळली तर सामान एकत्र करा. नाही जुळली तर जुन्याचं वेगळं काहीतरी छोटं करा. जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर लहान पोरांच्या हाती तेवढा देऊ नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

मुलीला बोलावू नका. "आई, उघडलेच नाहीस?" हे तुमच्या पत्रातलं सर्वांत शहाणं वाक्य तिचं आहे, तिला आणखी काही शिकवायला जाऊ नका. तुम्ही जमिनीवर बसलेल्या दिसलात तर ती येईल किंवा मोबाइल घेऊन पलंगावर पडेल. दोन्ही चालेल. तुमच्या मामासारखं "क्रेन झाली का?" तिला कुणी विचारलं नाही म्हणजे मिळवलं. आली आणि तिला पट्ट्यांपेक्षा काही हलकं हवं असलं, तर काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब द्या. आयआयटीतून निघालेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या कामाला गेले होते, आणि पुढे त्यांनी हा उद्योग देशभर नेला. ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी, की सांधा तयार. त्याला ते काडेपेटीचा मेकॅनोच म्हणतात. साताऱ्यात 1989 ला हे तुम्हाला कुणी दाखवलं असतं तर... असो.

उरलेल्या पाचांचं आत्ता ठरवू नका. एक खेळून झाल्यावर किती हवेत ते तुम्हालाच कळेल. मला वाटतं, दोन. बाकीचे विका किंवा एखाद्या शाळेला द्या, पण देताना मुख्याध्यापकांना एवढं विचारा की कपाटाची किल्ली कुणाकडे असते. शिपायाकडे असेल तर दुसरी शाळा बघा.

स्क्रू हरवणार आहेत, ते धरूनच बसा. नट कपाटाखाली गेला तर दोऱ्याला लोहचुंबक बांधून आत सोडा, लोखंडी असेल तर चिकटून येईल. पितळी असला तर चुंबक काही कामाचा नाही, कपाटच सरकवावं लागेल. साड्यांसकट जड असतं ते, नवऱ्याला हाक मारा.